वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर : चवदार तळ्यापासून कामगार कायद्यापर्यंत

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• डॉ. आंबेडकरांनी वकिलीचा व्यवसाय का निवडला, हे सांगता येईल.
• महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचे टप्पे क्रमाने मांडता येतील.
• उपकार आणि हक्क यांतील फरक या चरित्राच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• वकील आंबेडकर आणि मजूरमंत्री आंबेडकर यांच्या कार्यातील सातत्य दाखवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ओळख तुम्हांला भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आहे. परंतु घटना समितीत जाण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके ते व्यवसायाने वकील होते. त्यांच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी पुष्कळांजवळ फी देण्यास पैसे नसत. कोणी मार खाऊन आलेला असे, कोणाची जमीन गेलेली असे, कोणाला कामावरून काढलेले असे. अशा पक्षकाराचे काम वकील कोणत्या प्रेरणेने हाती घेतो? दयेपोटी, लौकिकासाठी, की आणखी कशासाठी? या घटकात आपण हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून बाबासाहेबांचे चरित्र पाहणार आहोत.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला महाड-पोलादपूरच्या परिसरात जावे लागेल. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे दासगावच्या बाजूने खाडीचे रूप घेऊन बाणकोटजवळ समुद्राला मिळते. आज रायगड म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा त्या काळी कुलाबा या नावाने ओळखला जाई. डोंगरउतारावरची नाचणी-वरीची शेती वर्षभर पुरत नसे. त्यामुळे या भागातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत कामाला जात. सैन्यात नोकरी करून परतलेल्या महार कुटुंबांची वस्तीही या भागात होती. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविणारे आद्य कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. म्हणजे १९२७ पूर्वीच या भूमीत हक्काची जाणीव रुजू लागली होती, हे तुम्ही लक्षात घ्यावे.

२. जडणघडण : परळची चाळ ते ग्रेज इन

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. घराण्याचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातील. म्हणजे महाडहून खाली वाहत गेलेल्या सावित्रीच्या खाडीपलीकडचा हा मुलूख. दापोली, सातारा असा प्रवास करीत हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या गिरणगावात राहू लागले. प्रथम डबक चाळ आणि नंतर पोयबावडीची बी.आय.टी. चाळ ही त्यांची घरे. १९३४ च्या सुमारास दादरच्या राजगृहात राहायला जाईपर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड या चाळीतील दोन खोल्यांतच होते.

ही गोष्ट साधी वाटली तरी महत्त्वाची आहे. गिरणीचा भोंगा, पाळ्या, पगाराचा दिवस, सावकाराचा तगादा आणि यंत्रात सापडून हात गमावलेला शेजारी, हे सारे गिरणगावातील रोजचे जीवन होते. पुढे ज्यांची बाजू मांडायची, त्यांच्यातच त्यांचे तारुण्य गेले.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात नोकरीस गेले. परंतु जातीमुळे तेथे राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते काही दिवस राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. परदेशी विद्यापीठाची पदवी, संस्थानाची अधिकाराची नोकरी आणि महाराजांची मेहेरबानी यांपैकी काहीही त्या दिवशी उपयोगी पडले नाही. वरिष्ठाच्या कृपेने मिळालेली प्रतिष्ठा किती कच्ची असते, याचा हा अनुभव होता.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये अर्थशास्त्रातील संशोधन पूर्ण करून मायदेशी परतले.

३. सनद आणि दामोदर हॉल

सरकारी नोकरीत स्थैर्य होते. पण सरकारी नोकराला सरकारविरुद्ध आणि समाजातील बलिष्ठांविरुद्ध मोकळेपणाने उभे राहता येत नाही. वकिली हा स्वतंत्र व्यवसाय होता. पोट भरावे आणि सार्वजनिक कार्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये, या दोन्ही गोष्टी त्यात साधणे शक्य होते. म्हणून १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेच्या शुल्काचीही त्यांच्याजवळ सोय नव्हती. नवल भथेना या पारशी मित्राने त्या वेळी मदत केली.

त्या काळातील वकिलीची रचना तुम्ही समजून घेतली पाहिजे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरमार्फत. सॉलिसिटरांच्या पेढ्या अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरकडे काम देण्यास उत्सुक नव्हत्या. त्यामुळे बाबासाहेबांना अपील शाखेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यायालयांत काम शोधावे लागले. उत्पन्न अपुरे पडे, म्हणून १९२५ पासून काही वर्षे त्यांनी एका हिशेबशास्त्र शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवला. घरात ओढाताण होती. १९२६ मध्ये त्यांचा लहान मुलगा राजरत्न मरण पावला. त्याआधीही रमाबाई आणि त्यांना अपत्यांचे मृत्यू सोसावे लागले होते.

अशा स्थितीत परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत गोरगरीब पक्षकार येत. ही जागा ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगशी संबंधित होती. ना. म. जोशी हे भारतीय कामगार चळवळीचे अग्रणी. त्यांचा जन्मही कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामही येथूनच चाले. ज्याला फी देणे शक्य नसे, त्याचे काम बाबासाहेब अल्प मोबदल्यात किंवा विनामूल्य करीत.

त्यांच्या वकिलीची कीर्ती झाली ती १९२६ मधील एका खटल्याने. देशाचे दुश्मन या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतील दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि केशवराव बागडे यांच्यावर बदनामीचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली होती. पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात बाबासाहेबांनी बाजू मांडली आणि आरोपी निर्दोष सुटले.

४. महाड : २० मार्च १९२७

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरविले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात मात्र कोणीही अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. कागदावर परवानगी होती. ती वापरण्याची सुरक्षितता नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. महाडजवळच्या लाडवलीचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांचा तिच्या आयोजनात पुढाकार होता. २० मार्चला प्रतिनिधी शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेले. प्रथम बाबासाहेबांनी आणि मग इतरांनी पाणी घेतले.

यानंतर जे घडले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी अफवा गावात पसरली. मंडपात जेवण करीत असलेल्या आणि गावी परतणाऱ्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला. सुमारे वीस जणांना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. काहींना मुसलमान रहिवाशांनी आपल्या घरांत आश्रय दिला. बाबासाहेब डाक बंगल्यात होते. त्यांच्याभोवती जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेली, प्रतिकारास समर्थ माणसे होती आणि ती केवळ त्यांच्या होकाराची वाट पाहत होती. त्यांनी होकार दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, पोलिसांकडे दाद मागितली आणि जखमींची विचारपूस करीत तपासासाठी ते महाडलाच थांबले.

येथे त्यांच्यातील वकील स्पष्ट दिसतो. त्याच संध्याकाळी उलट मार दिला असता, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दंग्याची नोंद झाली असती आणि जखमी माणूस फिर्यादीऐवजी आरोपी ठरला असता. संयमामुळे मारहाणीचा पुरावा एका बाजूचाच राहिला. ६ जून १९२७ रोजी नऊ आरोपींपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. अस्पृश्याला मारले तर शिक्षा होते, हे या परिसरातील गावोगावच्या लोकांनी पाहिले.

आपली प्रगती तपासा
१. सॉलिसिटर व बॅरिस्टर यांच्यातील संबंधांचा बाबासाहेबांच्या व्यवसायावर काय परिणाम झाला?
२. २० मार्चच्या संध्याकाळी प्रतिकार टाळण्यामागील कायदेशीर विचार तुमच्या शब्दांत लिहा.

५. मनाई हुकूम आणि दहा वर्षांचा दावा

सनातन्यांनी गोमय, गोमूत्र आदींच्या घागरी ओतून तळ्याचे शुद्धीकरण केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. या घटनेपाशी तुम्ही क्षणभर थांबावे. जे पाणी नगरपालिकेच्या उदारपणाने दिले गेले होते, ते तिच्याच दुसऱ्या ठरावाने काढून घेतले गेले. दिलेली वस्तू देणारा परत घेऊ शकतो. म्हणून ते पाणी मुळात देणाऱ्याचे नव्हतेच, हे सिद्ध करणे आवश्यक होते आणि ते केवळ न्यायालयात होऊ शकत होते.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबरपासून सत्याग्रह जाहीर केला. त्याआधीच, १२ डिसेंबर रोजी, महाडच्या न्यायालयात त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. वकील स्वतःच प्रतिवादी झाला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. हजारो लोक जमले; त्यांपैकी ३,८८४ जणांनी सत्याग्रहासाठी आपली नावे नोंदविली.

आता पेच उभा राहिला. हुकूम मोडावा तर ज्या न्यायालयाकडून हक्काची मान्यता मिळवायची, त्याचीच अवज्ञा होणार होती. पाळावा तर पायपीट करून आलेले लोक निराश होणार होते. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन हुकूम पाळण्याचे आवाहन केले. बरीच चर्चा झाल्यावर सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. हा निर्णय घेणे सोपे नव्हते, आणि अनुयायांतही तो सर्वांना रुचला नव्हता. मात्र २५ डिसेंबरच्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तळ्यापुरता कायदा पाळला गेला. विषमतेला धर्माचा आधार देणाऱ्या ग्रंथाचा निषेध मात्र थांबला नाही.

दाव्यातील मुद्दे असे होते : तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरू नये अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे. रूढीला कायद्याचे बळ मिळण्यासाठी ती पुरातन, अखंड आणि निश्चित असावी लागते. आणि ती तशी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर असते. प्रतिवादींनी नेमका येथेच आग्रह धरला. पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्याला विचारले जात होते की पाणी घेण्याचा तुझा अधिकार कोणता. न्यायालयात प्रथमच समोरच्याला विचारले गेले की अडविण्याचा तुमचा अधिकार कोणता, तो दाखवा.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने १९३३ मध्ये अपील फेटाळले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या अपिलात, पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही असा निर्णय देऊन वादींचे म्हणणे फेटाळले. ओंजळभर पाण्याचा हक्क शाबीत व्हायला दहा वर्षे लागली.

६. चाळीसगाव : वकिलाची स्वतःची दुखापत

दावा चालू असतानाच २३ ऑक्टोबर १९२९ रोजी एक प्रसंग घडला. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. चाळीसगावला उतरल्यावर एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन जाण्यास तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला. पण तो हाकण्याचे काम वस्तीतील अननुभवी माणसाने पत्करले. एका मोरीवर चाक अडखळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या अपघाताची कारणपरंपरा तुम्ही पाहा. वरवर दोष टांगा हाकणाऱ्याचा दिसतो. परंतु अनुभवी हाताला त्या जागेवर बसू न देणारी रूढी ही खरी कारण होती. कारखान्यातील अपघाताचेही पुष्कळदा असेच असते. ठपका जखमी झालेल्याच्या निष्काळजीपणावर येतो आणि त्याला त्या स्थितीत आणणारी व्यवस्था नामानिराळी राहते. हे ओळखणे हे कामगारांच्या वकिलाचे पहिले काम होय.

७. न्यायालयातून कायदे मंडळाकडे

एकेक दावा दहा वर्षे चालणार असेल, तर लाखो लोकांचे दावे कधी संपणार? या अडचणीवर उपाय म्हणजे कायदाच बदलणे. १९२७ पासून मुंबई कायदे मंडळाचे सभासद म्हणून आणि १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या द्वारे बाबासाहेब या दिशेने वळले.

१९२८ मध्ये स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात आर्थिक लाभ देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. गिरण्यांतील अधिक पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे लावून धरला. कामगारांची एकजूट हवी, पण त्या एकजुटीत सर्वांना समान जागा हवी, ही त्यांची भूमिका होती.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत शेतकऱ्याकडून सारा गोळा करी, आपला वाटा घेई आणि अनेक ठिकाणी वेठही लादी. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती संपली ती स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने. कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपातही ते अग्रभागी होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. भारतात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला होता. त्यापूर्वी जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे. या कायद्यामुळे काम करीत असताना आणि कामामुळे दुखापत झाली, एवढे दाखविले की भरपाई मिळू लागली. मालकाने दिलेली बक्षिसी आणि कायद्याने मिळणारी भरपाई यांतील फरक हाच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यासारख्या कारणांनी जखमी होणाऱ्या कामगारांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९४३ च्या युद्ध-दुखापत भरपाई विमा कायद्याने मालकांवर भरपाईची जबाबदारी टाकून तिला विम्याचा आधार देण्यात आला. हे विधेयक बाबासाहेबांच्या खात्याचे होते. त्याच वर्षी ते धनबादच्या खाणीत स्वतः खाली उतरले. पुढील वर्षी कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी स्थापन झाला. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच कारकिर्दीतील.

८. मर्यादा आणि मूल्यमापन

चरित्राचा अभ्यास करताना अडचणीच्या जागा टाळू नयेत. १९२९ च्या गिरणी संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. लागोपाठच्या संपांनी गरिबांतले गरीब अधिक कर्जात बुडतात, असे त्यांना वाटत होते. कम्युनिस्टांशी त्यांचा यावरून तीव्र मतभेद झाला. युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांच्या खाणीतील भूमिगत कामावरची बंदी सरकारने उठविली, तेव्हा मजूर खात्याचे प्रमुख म्हणून त्यांनाच तिचे समर्थन करावे लागले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. न्यायालयावरील त्यांच्या विश्वासाची किंमत त्यांच्या अनुयायांनी दीर्घ प्रतीक्षेच्या रूपाने मोजली. तळ्याचा निकाल लागला म्हणून गावोगावचे पाणवठे दुसऱ्या दिवशी खुले झाले नाहीत, हेही खरे आहे.

तरीही आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. गरीब पक्षकाराविषयी त्यांना कळवळा होता, पण त्यांचे काम कळवळ्यावर थांबत नव्हते. दया करणारा थकतो, त्याचे मन बदलते, त्याचा ठराव रद्द होतो. हक्क मात्र मागून घेता येतो आणि नाकारला गेल्यास त्यासाठी दाद मागता येते. समोरच्या माणसाचे दुःख हक्काच्या भाषेत मांडणे, ही त्यांच्या वकिलीची प्रेरणा होती.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यास करीत असतील; काही जण पोलादपूरहून महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामालाही जात असतील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी तालुका पातळीवर विधी सेवा समित्या आहेत. दामोदर हॉलमध्ये एका वकिलाच्या इच्छेवर जे अवलंबून होते, त्याला आज कायद्याचा आधार आहे. तो मागून घेण्यात कमीपणा नाही.

९. सारांश

परळच्या चाळीत वाढलेल्या बाबासाहेबांनी स्वातंत्र्यासाठी वकिली निवडली. महाडच्या हल्ल्यानंतर त्यांनी प्रतिकाराऐवजी पुराव्याचा मार्ग धरला आणि १९२७ ते १९३७ या काळात चवदार तळ्याचा दावा शेवटपर्यंत लढविला. एकेका दाव्याची मर्यादा ओळखून पुढे त्यांनी कायदे मंडळात आणि मजूर खात्यात तोच हक्काचा विचार कायद्याच्या रूपात आणला.

स्वाध्याय

१. नगरपालिकेच्या १९२४ आणि १९२७ च्या ठरावांच्या आधारे उपकार व हक्क यांतील फरक स्पष्ट करा.
२. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय योग्य होता काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
३. चाळीसगावच्या अपघाताचे तुमच्या परिसरातील एखाद्या कामाच्या ठिकाणच्या अपघाताशी साम्य दाखवा.
४. तुमच्या तालुक्याच्या न्यायालयात जाऊन मोफत कायदेशीर साहाय्य मिळविण्याची पद्धत समजून घ्या आणि तिची दहा ओळींत नोंद करा.